साप तुझ्याच घरी का येतो?

प्रकल्प वसाहत, बोईसर
१४ नोव्हेंबर १९६८

ती. वन्संना नलूचा सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही पाठवलेलं शेंगांचं पोतं गेल्या महिन्यात स्टेशनावर आलं. यांनी ते मित्राच्या सायकलवर आडवं घालून आणलं, वाटेत दोनदा पडलं म्हणे. शेंगा यंदा टपोऱ्या आहेत. पहिली मूठ भाजली तेव्हा हे म्हणाले, घरात आपल्या रानाचा वास आला. भावासाठी तुम्ही किती करता ते मी वेगळं काय लिहायचं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. आपल्या सुलूला तुमच्याकडे जाऊन वर्ष झालं. मागच्या दिवाळीत तुम्ही इथं होता, सुलू मोरीत आंघोळीला बसली होती आणि पाणी जायच्या भोकातून साप आत आला, तो दिवस मी विसरलेली नाही. तुम्ही तिला उचललंत आणि दुसऱ्याच दिवशी बार्शीला घेऊन गेलात. मीही ‘न्या’ म्हटलं, कारण मला त्या मोरीत पाऊल टाकवत नव्हतं. पण मी महिना-दोन महिने धरून चालले होते हो. जूनमध्ये वसाहतीतल्या शाळेत तिचं नाव घालायचं आहे.

इथं आता पुष्कळ सुधारणा झाली. रस्त्यावर दिवे आले, गवत कापायला माणसं येतात. गेल्या चार महिन्यांत साप दृष्टीला पडला नाही. माकडं येतात, पण ती बापडी आपली झाडावर असतात. तुम्हाला मे महिन्याची सुट्टी लागली की तिला घेऊन या. मोरीजवळ मी काठीसुद्धा ठेवली आहे, तेव्हा काळजी नसावी.

सुलूला माझे पापे.

तुमची
नलू

—

बार्शी
२६ नोव्हेंबर १९६८

चि. सौ. नलूस अनेक आशीर्वाद.

वर्गात मी पोरांना सांगते, आधी पाठीमागचं उत्तर बघून मग रीत जुळवू नका. तुझं पत्र तसं आहे. चार महिने साप नाही, तर मोरीजवळ काठी कशाला? शिवाय तुझ्या नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, तो माझ्याच हाताखाली वाढलाय. त्यानं मला त्याच आठवड्यात कार्ड टाकलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘सात तारखेस कॉटखाली साप निघाला, नलू घाबरली होती, आता ठीक.’ यापुढे नवरा-बायकोनं पत्रं टाकण्याआधी एकमेकांना दाखवत जा.

मी रागावलेली नाही. आईचा जीव आहे, बोलवणारच. पण त्या मोरीतून मी तिला उचललंय, तो साप माझ्या पावलावरून गेलाय. माझी खात्री पटल्याशिवाय सुलू इथून हलणार नाही, हे सरळ लिहिते.

आणि खात्री पटायची तर नीट माहिती हवी. नुसतं ‘साप’ म्हणू नकोस. किती लांब होता, रंग कसा, अंगावर पट्टे की ठिपके, कुठून आला, कुठं गेला? मला एक कोडं सुटत नाही. तुमच्या ओळीत आठ घरं आहेत, मी मोजली होती. जंगल आठांच्याही मागे आहे. मग बाकीच्या सात घरांत असे साप निघतात का? निघत नसतील, तर साप तुझ्याच घरी का येतो? त्याला घरावरचा नंबर तर वाचता येत नाही. याचा शोध लाव आणि मला लिही.

सुलू बरी आहे. पाव किलो वजन वाढलं.

तुझी
सुगंधावन्सं

—

प्रकल्प वसाहत, बोईसर
२० डिसेंबर १९६८

ती. वन्संना सा. नमस्कार.

तुमचं पत्र वाचून कान धरले. साप निघाला होता. हातभर लांब नव्हे, चांगला माझ्या उंचीचा, पिवळट तपकिरी, आणि भिंतीच्या कडेनं असा सुसाट गेला की मी कॉटवर चढेपर्यंत तो दाराबाहेर होता. ती धामण, विषारी नसते, असं मागून कळलं.

तुमच्या प्रश्नानं मात्र माझी झोप उडवली. मी खरोखरच सातही घरी जाऊन विचारून आले. सगळ्यांना वाटलं मी जनगणनेला निघाले. दोघींनी वर्षातून एकदा अंगणात साप पाहिला, घरात कुणाकडेच नाही. शेवटी मासळीवाल्या गोजराबाईला धरलं. ती जवळच्या घिवली गावची, टोपली घेऊन एक दिवसाआड येते. बोलायला फटकळ, पण मला लेकीसारखं मानते. तिला म्हटलं, तुम्ही जन्मभर इथल्या, तुम्ही बघा. ती टोपली दारात ठेवून आत आली. मोरी पाहिली, मागचा लाकूडफाटा पाहिला, ओणवी होऊन कॉटखाली पाहिलं. मग मला म्हणाली, “बाय, साप तुला बगाया येत नाय. तो उंदराला बगाया येतो.”

घरात उंदीर झालेत खरे. तिच्या सांगण्यावरून मागच्या भिंतीला टेकून रचलेली लाकडं लांब कुंपणाशी नेली, खाली विटा घालून उंचावर ठेवली. मोरीच्या भोकाला यांनी बारीक जाळी ठोकली. चप्पल झटकल्याशिवाय पाय घालत नाही, आणि अंधारलं की कंदिलाशिवाय अंगणात उतरत नाही. काठी मात्र गोजराबाईनं काढायला लावली. म्हणाली, काठी हातात असली की माणूस सापाच्या जवळ जातो, नसली की लांब राहतो.

माकडांचंही खरं लिहिते. ती झाडावर नसतात, आमच्या ओट्यावर असतात. शेजारच्या मैनाबाई साताऱ्याकडच्या. त्यांनी सांगितलं, शनिवारी मारुतीच्या नावानं माकडांना चणे-गूळ घाल, लेकरू सुखरूप परत येईल. मी वर्षभर घालत होते, आणि आम्हा देशावरच्या बायकांचं बघून साऱ्या ओळीनं सुरू केलं. माकडांना कुठला शनिवार-रविवार. ती रोज यायला लागली, खिडकीतून हात घालायला लागली, आणि गेल्या पंधरवड्यात एकानं मैनाबाईंच्या नातीच्या हातातली पोळी ओढताना तिच्या मनगटाला बोचकारलं. आता आम्ही सगळ्यांनी ठरवून बंद केलंय. तुम्हाला पाप वाटत असेल तर ते माझ्या माथी.

सुलू माझी आठवण काढते का, ते तुम्ही लिहीत नाही.

तुमची
नलू

—

बार्शी
६ जानेवारी १९६९

चि. सौ. नलूस आशीर्वाद.

हे पत्र मी तीनदा वाचलं. असं लिहावं. मारुतीचं मनावर घेऊ नकोस. तो स्वतः द्रोणागिरी उचलून आणणारा, त्याची भूक तुझ्या मूठभर चण्यांवर अडलेली नाही. आणि ती घिवलीची बाई मला आवडली. काठीचं तिनं जे सांगितलं ते मी सातवीच्या वर्गात सांगितलं, फक्त काठीच्या जागी छडी आणि सापाच्या जागी पोर घालून.

पण तुझा शोध अर्धाच आहे. साप उंदरासाठी येतो, मान्य. मग उंदीर कशासाठी येतो? उंदीर काय हवा खाऊन जगतो? बाकीच्या सात घरांतही लोक जेवतात, चुली पेटवतात. तुझ्याच घरात असं काय आहे? कॉटखाली वाकून त्या बाईनं काय पाहिलं, ते तू लिहिलेलंच नाहीस.

संक्रांतीसाठी तीळ पाठवतेय, आणि शेंगांचं आणखी एक पोतं आजच गाडीवर घातलंय. तुझ्या नवऱ्याला, भगवंताला, लहानपणापासून शेंगा पुरत नाहीत. आई गेल्यावर मी त्याला खिशात शेंगा घालूनच शाळेत पाठवायची, म्हणजे रडायचा नाही. आमचं रान आता वाट्यानं कसायला दिलंय, पण अर्ध्या वाट्याच्या शेंगा मी मागून घेते त्या त्याच्यासाठी.

सुलूचं विचारतेस. पहिले काही महिने संध्याकाळी फार रडायची, ते मी तुला कळवलं नाही. आता ती तुझं नाव काढत नाही. पोरं विसरतात ग लवकर.

तुझी
सुगंधावन्सं

—

प्रकल्प वसाहत, बोईसर
२४ जानेवारी १९६९

ती. वन्संना सा. नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. ‘नाव काढत नाही’ हे तीन शब्द मी किती वेळा वाचले असतील. आता काही लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

गोजराबाईचं बोलणं मी तुम्हाला अर्धं लिहिलं होतं. ती म्हणाली, “साप उंदराला बगाया येतो, नि उंदीर तुज्या शेंगांना.” कॉटखाली तुम्ही पाठवलेलं पोतं होतं. गेल्या वर्षी जे पोतं पाठवलंत तेही तिथंच होतं, मोरीच्या दारापासून चार हातांवर. ओळीतल्या दुसऱ्या कुणाच्या घरी असं पोतं नाही, कारण दुसऱ्या कुणाला तुमच्यासारखी नणंद नाही. मी शेंगा उन्हाला ओट्यावर पसरत होते, त्यावर माकडं यायची. गोजराबाईच्या घरी सुकी मासळी असते, पण ती आढ्याला टांगलेली आणि खाली मांजर. ती मला म्हणाली, आमच्यात खायाचं जमिनीवर कोण ठेवतं?

हे मी तुम्हाला कसं लिहिणार होते? तुम्ही स्वतःच्या तोंडातला घास काढून भावाला पाठवता, आणि मी लिहू की तुमच्या मायेपायी माझ्या घरात साप येतो, तुमच्या शेंगांपायी माझी लेक माझ्यापासून लांब आहे? यांना तर सांगायचीही सोय नव्हती. मग मी जाळ्या ठोकल्या, लाकडं हलवली, आणि पोतं तिथंच राहू दिलं.

त्याचं फळ संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळालं. शेंगा काढायला पोत्यात हात घातला आणि पोत्याच्या मागे काहीतरी चमकलं. काळीभोर, अंगठ्याएवढी जाड, अंगावर पांढऱ्या बारीक रेघा, जोडीजोडीनं. मी हात बाहेर काढला तो कसा काढला मला आठवत नाही. गोजराबाई दारातच होती, तिनं मला मागे ओढलं आणि नवऱ्याला निरोप धाडला. तिचा नवरा महादू होडीवरून तसाच आला. खोलीतल्या सगळ्यांना त्यानं बाहेर काढलं, भिंतीच्या कडेला मडकं आडवं ठेवलं आणि लांब बांबूनं पोतं हळूच सरकवलं. ती भिंतीकडेनं अंधार शोधत आपणहून मडक्यात शिरली. त्यानं तोंडावर ताटली धरली, फडकं आवळलं, आणि खाडीपलीकडच्या झाडीत नेऊन सोडली. मण्यार होती ती. चावली तर आधी कळतसुद्धा नाही म्हणतात. असं कधी झालं तर मांत्रिकाकडे पळायचं नाही, हातपाय न हलवता तडक दवाखान्यात न्यायचं, हे डॉक्टरांनी सगळ्या वसाहतीला बोलावून सांगितलं.

मी महादूला विचारलं, मारली का नाही? तो म्हणाला, “हिला मारली तर दुसरी येल. उंदीर घालवा, मंग कोनच येनार नाय.”

आता दोन्ही पोत्यांतल्या शेंगा पत्र्याच्या झाकणाच्या डब्यांत आहेत. निम्म्या ओळीत वाटल्या. आठ दिवसांत उंदीर दिसेनासे झाले. वन्सं, तुमच्या पाया पडते, यापुढे पोतं पाठवू नका. रागावायचं तर माझ्यावर रागवा. पण मला एवढं सांगा, वर्षात लेकरू आईला विसरतं का?

नलू

—

बार्शी
२ मार्च १९६९

चि. सौ. नलूस,

महिनाभर मी उत्तर लिहिलं नाही. पहिले आठ दिवस रागानं. माझ्या शेंगांवर बोट ठेवणारी तू कोण, असं म्हणून एक पत्र लिहिलं आणि फाडलं. नंतरचे दिवस लाजेनं. तू तुझी चूक लिहिलीस, आता मला माझी लिहायला हवी.

सुलू तुला विसरलेली नाही. संध्याकाळ झाली की ती ‘आईकडे चल’ म्हणून दाराशी जाऊन बसायची. मी शाळेतून दमून आलेली. एक दिवस म्हणून गेले, तिकडे साप आहे, गेलीस तर चावेल. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हटलं. मग रोजच. आधी ती गप्प बसावी म्हणून, आणि मग, खरं लिहिते नलू, ती जाऊ नये म्हणून. अठरा वर्षं मी या घराला बाहेरून कुलूप लावून शाळेत जातेय आणि आपल्याच हातानं उघडून आत येतेय. वर्षभर कुणीतरी आतून दार उघडत होतं.

तुझं मण्यारीचं पत्र आलं तेव्हा मी ते ओट्यावर बसून वाचत होते. सुलूनं विचारलं, कुणाचं पत्र? मी म्हटलं, तुझ्या आईचं. तिनं पत्राचा कागद उलटून बघितला. मग म्हणाली, “आत्या, साप चावलेली माणसं पत्र लिहितात?”

कळलं तुला? ती तुझं नाव का काढत नव्हती ते कळलं? सहा महिने ती समजून होती की तू गेलीस, आणि मला वाईट वाटेल म्हणून विचारत नव्हती. पाच वर्षांची पोर.

मी तिला सांगितलं, आई आहे, अगदी धडधाकट आहे. ती मान हलवते, पण तिला खरं वाटत नाही. काल मोरीत परकराची नाडी पडली होती, ती बघून ती अशी किंचाळली की शेजारी धावत आले. तिला आता नुसतं गाडीत बसवून आणता येणार नाही. मी घातलेली भीती माझ्यानं काढवत नाही. तूच काहीतरी लिही. तुझ्या हाताचं.

सुगंधा

—

प्रकल्प वसाहत, बोईसर
९ मार्च १९६९

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी कळशी आपटली, तिला पोचा पडला. तुमच्यावर इतका राग आला की यांच्याशीही दिवसभर बोलले नाही. तो अजून गेलेला नाही. पण शेंगांचं कळूनही मी महिनाभर दाबून ठेवलं, तुम्ही जे केलंत तेच मीही केलं, तेव्हा मलाही तोंड नाही. मे महिन्यात तुम्ही दोघी या. तुम्हीही महिनाभर राहायचं. एकटी तिला मी घेणार नाही, कारण तिला वाटेल, आता आत्याला काहीतरी झालं.

खालचं तिला वाचून दाखवा, रोज एकदा.

सुलूबाळ, मी तुझी आई. मला साप चावलेला नाही. आमच्याकडे साप आहेत, हे खरं आहे. ते रानात राहतात, आपण घरात राहतो. त्यांना आपण आवडत नाही, उंदीर आवडतात, म्हणून आपण घरात उंदीर ठेवत नाही. साप दिसला तर जागच्या जागी उभं राहायचं, म्हणजे तो आपल्या वाटेनं जातो. जाताना कसा जातो ते बघण्यासारखं असतं. त्याला पाय नाहीत, तरी पळतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. माकडं पण आहेत. त्यांच्या समोर खाऊ खायचा नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, त्यांना वाटतं आपण भांडायला आलो. परवा एका माकडिणीला पिल्लू झालं. ते तिच्या पोटाला धरून असतं, तिनं कितीही मोठी उडी मारली तरी सुटत नाही. तू आलीस की दाखवीन.

आई

—

बार्शी
१७ जून १९६९

चि. सौ. नलू, भगवंत आणि सुलू यांस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. कुर्डुवाडीला छोटी गाडी दोन तास उशिरा आली, बाकी त्रास नाही.

तुझ्याकडचे पहिले चार दिवस मी पाय खाली न सोडता कॉटवर काढले, हे तू भगवंताला सांगितलं नाहीस, त्याबद्दल आभारी आहे. सुलूनं मात्र सगळं पाहिलंय. पाचव्या दिवसापासून सकाळी माझ्या चपला ती झटकायची आणि ‘आत्या, काही नाही, घाल’ म्हणायची. इथं नाडीला किंचाळणारी पोर ती हीच का, असं मला वाटायचं. तिची भीती कशानं गेली ते मी महिनाभर बघत होते. तू तिला ‘साप नाही’ असं एकदाही म्हणाली नाहीस. तू तिला जाळी दाखवलीस, डबे दाखवलेस, लाकडं उंचावर का ते सांगितलंस. मी अठरा वर्षं शिकवतेय, पण हे मला सुचलं नव्हतं.

त्या माकडाचं तू विचारलंस तेव्हा मी काही झालं नाही म्हटलं. झालं होतं. ते ओट्याच्या कठड्यावर येऊन बसलं, आणि मी त्याच्याकडे वर्गातल्या दंगेखोर पोराकडे बघतात तसं रोखून बघितलं. माझ्या या नजरेपुढे पोरं जागेवर बसतात. त्यानं दात विचकले आणि पुढे सरकलं. सुलूनं माझा पदर ओढून मला मागे घेतलं आणि म्हणाली, खाली बघ आत्या, आपण भांडायला नाही आलो.

आणि परत निघायच्या आदल्या दिवशी, दुकानाच्या वाटेवर, धामण रस्ता ओलांडत होती. मी मागे पळायला वळले. सुलूनं माझा हात धरला. तिचा तळवा कोरडा होता आणि माझा घामानं ओला. ती मला म्हणाली, हलू नको, तिला जाऊ दे. गेली बाई ती. आम्ही दोघी ती गवतात नाहीशी होईपर्यंत बघत राहिलो, आणि मला मनापासून वाटलं, आणखी थोडा वेळ दिसली असती तर बरं झालं असतं.

स्टेशनावर ती रडली नाही, तू रडलीस. तुझा राग गेल्याचं तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. गाडी हलल्यावर तू खिडकीतून माझा हात सोडला नाहीस, ते मला पुरे आहे.

काल शाळा सुरू झाली. संध्याकाळी घरी आले, कुलूप काढलं आणि बराच वेळ उंबऱ्यातच उभी राहिले. इथं साप नाही, माकड नाही, कसली म्हणून भीती नाही, आणि घर खायला उठलंय.

सुलूचं नाव शाळेत घातलंस का ते कळव. तिला अजून अक्षरं येत नसतील तर तिच्या हाताच्या रेघोट्या कार्डावर पाठव, मी उत्तर लिहीन. आणि रोज संध्याकाळी तिला एवढं आठवणीनं सांगत जा की आत्या बार्शीला आहे, बरी आहे. तिनं विचारलं नाही तरी सांगत जा.

तुझी
सुगंधावन्सं